परसातली अनोळखी रोपं आणि रात्रीचा खाणारा

ताई, तुमचे तिन्ही प्रश्न नीट वाचले. पहिल्या पावसानंतर वाफ्यांत न पेरलेली रोपं आलीत, ती ठेवायची की उपटायची? खताच्या खड्ड्यावर आपसूक आलेल्या वेलीला दुधीसारखं फळ धरलंय, ते खायचं का? आणि रोज रात्री कोणीतरी रताळ्यांचा वाफा उकरतंय, त्याला कुठलं विष घालायचं? मी कोकणात देवरुखच्या बाजूला बावीस वर्षं परस राखतेय. विष हा शब्द वाचला आणि थोडक्यात आवरणं जमेना, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वेल, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. फूल मोठं, पिवळं असून सकाळी उमलत असेल तर ती लाल भोपळ्याची वेल. फूल पांढरं, मऊ असून दिवस कलताना उमलत असेल आणि सकाळी ऊन चढलं की मान टाकत असेल तर दुधीची. दुधीच असेल तर फळाच्या देठाकडची एक पातळ चकती कापा, जिभेच्या टोकाला लावा आणि थुंकून टाका. जराही कडू लागली तर ते फळ खायचं नाही. शिजवून नाही, रस काढून तर मुळीच नाही. तो कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो आणि शिजवल्याने तो जात नाही. अशा रसाने रक्ताच्या उलट्या झालेले, दगावलेलेही लोक आहेत. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, या विषबाधांसाठी तज्ज्ञांची समिती नेमली होती. पेरलेल्या चांगल्या बियाण्याचा दुधीही क्वचित कडू निघतो, पण आपसूक आलेल्या वेलीचा भरवसा त्याहून कमी. आसपास कुठे कडू भोपळ्याची वेल असेल तर तिचे पराग आपल्या दुधीला लागतात. त्या वर्षीचं फळ गोडच राहतं, पण त्याच्या बियांतून पुढे काय येईल ते सांगता येत नाही. आमच्याकडे दर फळाची चकती चाखल्याशिवाय दुधी विळीवर जात नाही, मग तो शेजारच्या काकूंनी प्रेमाने दिलेला का असेना.

आता रोपं. तुमच्या पहिल्या फोटोतला टाकळा आहे. पानांच्या तीन-तीन जोड्या दिसतायत, संध्याकाळी त्या मिटतात. कोवळा आहे तोवर खुडा, लसूण-मिरचीवर परता, वरून खोबरं घाला. जून झाला की चव जाते. दुसरं रोप घोळ वाटतंय, पण फोटोवरून मी शपथ घेणार नाही. एक काडी मोडा. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही, ते खाऊ नका. घोळीची काडी मांसल असते आणि मोडल्यावर नुसतं पाणी सुटतं.

तिसरा फोटो पाहून मात्र मी थबकले. पान लांबट आणि त्याचं टोक पुढे निघून स्प्रिंगसारखं वळलंय. ती कळलावी आहे, आणि ती नेमकी रताळ्यांच्या वाफ्यात आलीय. तिचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. रताळी किंवा कणगरं (तीही जमिनीखालचे कंदच) खणताना चुकून टोपलीत आला तर घात होतो, कारण त्यात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. पण मारू नका तिला. हातमोजे घालून कंदासकट काढा आणि दूर गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेला लावा, जिथे मुलं आणि गुरं जात नाहीत. श्रावण-भाद्रपदात तिची लाल-पिवळी फुलं ज्वाळेसारखी दिसतात. आमच्या वाडीतले लोक गणपतीच्या माटवीसाठी, म्हणजे मूर्तीवर टांगायच्या रानफुला-फळांच्या सजावटीसाठी, ती मागून नेतात.

तुम्ही लिहिलंय की आंब्याखाली मिरचीची पाच-सहा रोपं कोणी लावली कळत नाही. ती पाखरांनी लावली. बुलबुलासारख्या पाखरांना मिरचीचा तिखटपणा जाणवत नाही. ते पिकली मिरची खातात, फांदीवर बसतात आणि शिटेतून बी खाली पडतं. उरलेली बरीच अनोळखी रोपं शेणखतातून येतात. म्हणून मी शेणखत घातलेला वाफा पंधरा दिवस हात न लावता ठेवते आणि काय काय उगवतं ते बघते. अपवाद गाजरगवताचा. ते फुलायच्या आत उपटायचं, तेही उघड्या हाताने नाही, कातडीला खाज सुटते.

आता रात्रीचा खाणारा. आमची रताळी उकरली जायची तेव्हा मी तीन महिने माकडांना दोष दिला आणि वाफ्यावर जाळं टाकून बसले. माकडं रात्री येतच नाहीत, हे साधं माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी आमच्याकडे कामाला येणाऱ्या आजींनी उपाय सांगितला: तिन्हीसांजेला वाफ्याभोवती वीतभर रुंद पट्टा ओल्या मातीने सारवा आणि पहाटे कंदील घेऊन बघा. कोरड्या दिवसांत चाळलेली राख चालते, पावसात ती वाहून जाते. पहिल्याच पहाटे मागच्या पंजाचे लांबट, पूर्ण टेकलेले तळवे उमटले होते आणि शेजारी मातीवर काट्यांचे बारीक ओरखडे होते. वेलींत एक काळा-पांढरा पट्ट्यांचा काटा पडला होता. साळिंदर!

तुमच्याकडे दोन खुरांचा ठसा असेल आणि माती नांगरल्यासारखी पालथी झाली असेल तर रानडुक्कर. भोक आणि बाहेर मातीचा ढीग असेल तर घूस. पानांना भोकं आणि चमकती, चिकट रेघ असेल तर गोगलगाय. ती सकाळी ओल्या गोणपाटाखाली जमा होते, हातमोजे घालून उचला आणि मिठाच्या दाट पाण्यात टाका. ते पाणी वाफ्यात ओतू नका.

साळिंदर चढत नाही, खणतं. म्हणून वाफ्याभोवती दोन-अडीच फुटांचे जुने पत्रे उभे करा आणि त्यातला फूटभर भाग जमिनीत गाडा. आमची रताळी तेव्हापासून वाचली. विष, फासकी आणि तारेत वीज सोडणं, तिन्ही नको. साळिंदर, डुक्कर, मोर हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, हा एक भाग. दुसरा असा की डुकराला लावलेल्या फासकीत बिबट्या अडकतो, वीज सोडलेल्या तारेला माणूस चिकटतो आणि गोगलगाई मारायच्या विषारी गोळ्या खाऊन कुत्रा तडफडतो. आमचा मोती तसाच गेला. गोळ्या शेजारच्या परसात घातल्या होत्या. त्या घालणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं की कुत्रं त्या आवडीने खातं.

आज संध्याकाळी सहानंतर वेलीच्या फुलाचा फोटो काढा आणि उद्या पहाटे सारवलेल्या पट्ट्याचा. ठशाशेजारी काडेपेटी ठेवा म्हणजे मापाचा अंदाज येईल. दोन्ही टाका, मी बघते.