भावा, आधी ठेका पकड, लेबल नंतर

तुझे दोन्ही ट्रॅक ऐकले, आवाज भारी आहे पण रॅप, रॉक आणि कोळीगीत तिन्ही कोंबलंयस तिथे पार खिचडी झालीय. मिक्स करायचं तर आधी ताल बघ ना. कोळीगीताचा ठेका सहा मात्रांचा आणि तुझा बीट चारचा, वरून नुसता ढोलकीचा लूप (तोच तुकडा पुन्हा पुन्हा) चिकटवला की तो घसरणारच, त्यापेक्षा १४० बीपीएमचा (मिनिटाला १४० ठोके) ट्रॅप, म्हणजे रॅपखालचा बीट, ७० समजून मोज, दर बीटचे तीन भाग पाड आणि त्यात शब्द बसव, मग बघ कसा चपखल बसतो. आणि लूप नेटवरून उचलू नको यार, ठाण्यात राहतोस, चेंदणी कोळीवाड्यात वाजवणारे काका शोध, नीट पैसे दे, मोबाईलवर का होईना रेकॉर्ड कर.

रॅपर डिवाइनची कॉपी तर अजिबात नको. तो अंधेरीचा, दुसरा रॅपर नेझी कुर्ल्याचा, दोघं आपापल्या गल्लीचं बोलले म्हणून २०१५ला लोकांनी ऐकलं. तू रोज ठाणे-वाशी लोकलला लोंबकळतोस तर वाटेतल्या ऐरोली-रबाळ्याचं लिही की.

लेबलवाला, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, कागद पुढे करेल तेव्हा वाचल्याशिवाय सही नाही. कॉपीराइट कायद्याच्या २०१२च्या दुरुस्तीपासून गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला हिस्सा लेबलला लिहून देताच येत नाही, तरी 'सगळे हक्क आमचे' छापून आणतात लोक (आणि पोरं करतात सही!). आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) मेंबर हो. बीट मित्राचा असेल तर कोणाला किती टक्के ते रिलीजच्या आधीच लिहून ठेवा, निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी.