पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि त्याचे पाइप घरी बदलता येतात का?

तुमचा प्रश्न असा आहे की २००७ सालच्या ह्युंदाईच्या पेट्रोल ॲक्सेंटचे स्टिअरिंग वळवताना, विशेषतः सकाळी गाडी काढताना, कण्हल्यासारखा आवाज येतो, पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतले तेल महिन्याभरात खालच्या खुणेपर्यंत उतरते, आणि गॅरेजवाल्याने ‘पंप गेला, पाइपही घ्या, रॅकचे नंतर बघू’ असे सांगितले आहे. तर पंप आणि पाइप घरी बदलणे शक्य आहे का? शक्य आहे. माझ्या जुन्या सेडानचे हे काम मी पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलेले आहे, आणि ज्याला ब्रेक पॅड किंवा अल्टरनेटरचा पट्टा बदलता येतो त्याला हेही जमायला हरकत नाही. मात्र तुमच्या वर्णनावरून पंपच गेला आहे असे ठरत नाही, म्हणून पाना हातात घेण्याआधीच्या तपासणीबद्दल मी सविस्तर लिहितो.

हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या, स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा पात्यांचा पंप असतो. त्याच्या रोटरच्या खाचांमध्ये बसलेली पातळ पोलादी पाती फिरताना बाहेर सरकतात आणि लंबगोल कडीच्या आतल्या भिंतीला घासत तेल पुढे ढकलतात. टाकीतून पंपात तेल आणणारा सक्शनचा रबरी पाइप, पंपातून रॅककडे, म्हणजे चाके वळवणाऱ्या दांड्याकडे, तेल नेणारा प्रेशरचा पाइप आणि रॅककडून टाकीत परत आणणारा रिटर्न पाइप, असा हा फेरा असतो. चाके पूर्ण वळवली की प्रेशरच्या पाइपात साधारण ६० ते ८० बार दाब तयार होतो. टायरमधली हवा दोन-सव्वादोन बारची असते हे लक्षात घेतले म्हणजे या पाइपाच्या बाबतीत तडजोड का चालत नाही ते कळेल. सक्शनच्या पाइपाचे दुखणे याच्या अगदी उलट आहे. तिथे तेल ओढले जाते, त्यामुळे तो पाइप चिरला किंवा पंपाच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग, म्हणजे जोड बंद ठेवणारी रबरी कडी, कडक झाली तर तेल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. खाली एक थेंबही पडत नाही, पण तेलात बुडबुडे मिसळतात आणि पंप खराब झाल्यासारखाच आवाज येऊ लागतो. काही रुपयांच्या या ओ-रिंगपायी चांगले पंप भंगारात जातात, असे माझे मत आहे.

तेव्हा पहिली तपासणी टाकीची करावी. इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टिअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा आणि तुम्ही टाकीत टॉर्च मारून पाहा. तेल स्वच्छ लालसर किंवा तपकिरी दिसण्याऐवजी गढूळ, दुधी आणि फेसाळ दिसत असेल तर हवा आत जाते आहे. मग इंजिन बंद करून, ते थंड झाल्यावर, सक्शनचा पाइप पंपापाशी दाबून पाहा. दाबताना त्यावर बारीक भेगा उघडल्या किंवा क्लिपखालचा भाग लाकडासारखा टणक लागला तर तो बदलायलाच हवा. पंपाच्या तोंडाशी वेगळी नळी दोन बोल्टांनी बसवलेली असेल तर ती काढून आतली ओ-रिंग बाहेर घ्या. चांगली ओ-रिंग नखाने दबते आणि लगेच पूर्ववत होते. जुनी ओ-रिंग एका बाजूने चपटी झालेली असते, नख रुतत नाही, आणि टोकदार वस्तूने उचलायला गेले तर तिचा तुकडाच पडतो. बऱ्याच गाड्यांच्या टाकीत तळाशी जाळी असते. ती काळ्या गाळाने भरली असेल तरी पंपाला पुरेसे तेल मिळत नाही आणि तोच आवाज येतो. जाळी टाकीतच कायमची बसवलेली असेल तर टाकी बदलावी. ती महाग नसते.

आवाजाचा प्रकारही ऐकून घ्यावा. वळवताना कर्कश किंचाळी येत असेल तर पट्टा घसरतो आहे. स्टिअरिंगला हातही न लावता इंजिनच्या वेगाबरोबर एकसारखी घरघर येत असेल तर पंपाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. वळवल्यावर वाढणारे कण्हणे मात्र हवा, कमी तेल आणि झिजलेला पंप अशा तिन्ही कारणांनी येते, आणि तुमच्याकडे नेमके तेच आहे.

तुमच्या गाडीत तेलही कमी होते, म्हणजे कुठेतरी बाहेर गळती आहे. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडला ते पाहा. पुलीच्या मागे ओल असेल तर पंपाचे ऑइल सील गेले आहे; प्रेशरच्या पाइपात रबर आणि लोखंडी नळी जिथे दाबून जोडलेली असते तिथे ओल असेल तर पाइप गेला आहे. डाग चाकाच्या जवळ असेल तर रॅकच्या दोन्ही टोकांची रबरी बुटे चाचपून पाहा. बुटात तेल साचलेले लागले तर रॅकचे सील फुटलेले आहे. अशा वेळी नवा पंप बसवून गळती थांबणार नाही, आणि रॅक मी घरी करायला सांगणार नाही, कारण तो काढल्यावर चाकांचे अलाइनमेंट करावे लागते आणि सील बसवायला खास साधने लागतात. एक गोष्ट काटेकोरपणे पाळा: इंजिन चालू असताना प्रेशरच्या पाइपावर हात फिरवून गळती शोधू नका. सुईएवढ्या छिद्रातून या दाबाने निघालेले तेल कातडी भेदून आत जाऊ शकते आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार गंभीर असते. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा धरावा.

एवढे करून पंप बदलायचाच असे ठरले तर खरेदीबद्दल थोडे सांगतो. नवा पंप, रीकंडिशन केलेला पंप आणि सील किट असे तीन मार्ग आहेत. फक्त पुलीमागून गळती असेल आणि आवाज नसेल तर सील किट पुरते. आवाज असेल तर आतली कडी आणि पाती झिजलेली असतात, आणि नुसती सील बदलल्याने ती झीज भरून येत नाही. भंगार बाजारातला जुना पंप मी घेणार नाही, कारण तो आतून कसा आहे हे बसवल्यावरच कळते आणि तोपर्यंत सगळी मेहनत झालेली असते. तेल टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेलेच घ्यावे. ह्युंदाईच्या त्या काळातल्या गाड्यांना पीएसएफ-३ प्रकारचे तेल लागते, टोयोटाच्या अनेक गाड्यांत लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, चालते, होंडा स्वतःच्याच तेलाचा आग्रह धरते, आणि फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांतले हिरवे तेल लाल तेलात मिसळून चालत नाही. दुकानदार ‘सगळ्यांना चालते’ म्हणून काय देतो याकडे लक्ष देऊ नका. यंत्रणेत साधारण एक लिटरच्या आसपास तेल मावते, पण धुऊन काढण्यासाठी दोन लिटर घ्या.

प्रेशरचा पाइप कंपनीचा मिळाला तर उत्तम. मिळाला नाही तर जेसीबी आणि ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक होज बनवणारी दुकाने जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी आणि एमआयडीसीच्या आसपास असतात. ते तुमच्या पाइपाची दोन्ही लोखंडी टोके ठेवून मधले रबर बदलून मशीनवर क्रिम्प करून, म्हणजे जोड दाबून पक्का करून, देतात. हा मार्ग मला मान्य आहे, पण अटीवर. होजवर पोलादी तारांची जाळी हवी, त्यावर छापलेला दाब यंत्रणेच्या दाबापेक्षा बराच जास्त हवा, रबर तेलाला आणि १०० अंश सेल्सिअसच्या पुढच्या उष्णतेला टिकणारे हवे, आणि जोड क्रिम्प केलेलाच हवा. तिथे क्लिप आवळून काम भागवणारा कोणी भेटला तर नमस्कार करून निघून यावे. मूळ पाइपाच्या रबरात पुष्कळदा पंपाची थरथर शोषून घेणारी आतली नळी असते. गावातल्या होजमध्ये ती नसते, त्यामुळे दुरुस्तीनंतर थोडी गुणगुण राहिली तर तो पंपाचा दोष समजू नये. रिटर्न पाइपालाही तेलाला टिकणारे रबरच लागते, रेडिएटरच्या पाण्याचा पाइप तिथे काही महिन्यांत फुगून मऊ होतो.

आता प्रत्यक्ष काम. गाडी सपाट, पक्क्या जागेवर उभी करून हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना ठोकळे लावा, बॅटरीची ऋण तार सोडवा आणि पुढचा भाग जॅकने उचलून स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उभ्या गाडीखाली जायचे नाही. पट्टा आणि पाइप कसे गेले आहेत त्याचे फोटो काढून ठेवा. टाकीतले तेल मोठ्या सिरिंजने काढून घ्या आणि पंपाखाली अल्टरनेटर असेल तर त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा.

पुढचा क्रम महत्त्वाचा आहे. पुली नटने बसवलेली असेल तर पट्टा चढलेला असतानाच तो नट सैल करा, कारण पट्टा पुलीला धरून ठेवतो. पट्टा काढल्यावर ती नुसती फिरत राहते. त्याचप्रमाणे प्रेशरच्या पाइपाचा बोल्ट पंप जागेवर घट्ट असतानाच सैल करावा. त्यानंतर पट्ट्याचा ताण सोडून पट्टा उतरवा, दोन्ही पाइप सोडवा, त्यांची तोंडे स्वच्छ प्लॅस्टिकने झाका आणि मग पंपाचे बोल्ट काढा. नव्या पंपावर पुली चढवताना हातोडा अजिबात वापरू नका. दाबून बसवायच्या पुलीसाठी पुलर आणि बसवण्याचा स्क्रू मिळतो. ठोकले तर दांडा आत सरकतो आणि नवा पंप सुरू होण्याआधीच बिघडतो. साधन नसेल तर जुनी पुली आणि नवा पंप लेथवाल्याकडे घेऊन जा, तो प्रेसवर बसवून देईल. नवा पंप लावण्याआधी त्याच्या तोंडात ताजे तेल ओतून पुली हाताने फिरवा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांना पाती कोरडी घासणार नाहीत. पुली बाकीच्या पुल्यांच्या सरळ रेषेत आहे का ते पट्टी लावून पाहा आणि पट्टा असा ताणा की मध्यावर अंगठ्याने जोरात दाबल्यावर तो सेंटिमीटरभरापेक्षा कमीच दबेल.

खरे कष्ट पाइपाच्या रॅककडच्या टोकाला आहेत. ते इंजिनच्या मागे, खाली, अडचणीच्या जागी असते आणि तिथला नट बहुधा गंजलेला असतो. आदल्या रात्री त्यावर गंज सोडवणारे तेल फवारून ठेवा आणि साधा उघडा पाना न वापरता फ्लेअर नटचा पाना, म्हणजे एका बाजूला फट असलेला रिंग पाना, वापरा. साध्या पान्याने नटाचे कोपरे गोल झाले की काम दिवसभर लांबते. नवा पाइप बसवताना नटाचे पहिले काही आटे हाताच्या बोटांनीच फिरले पाहिजेत. पान्याशिवाय फिरत नसेल तर आटा वाकडा बसतो आहे, तो सोडून पुन्हा लावा, कारण रॅकच्या ॲल्युमिनियमचे आटे गेले तर सगळा रॅकच बदलावा लागतो. पंपाकडच्या बँजो बोल्टला, म्हणजे ज्याच्या आतून तेल जाते त्या पोकळ बोल्टला, दोन्ही बाजूंनी नवे तांब्याचे वॉशर घाला. जुन्या वॉशरवर आधीच्या आवळण्याची गोल खाच उमटलेली असते, त्यामुळे तो दुसऱ्यांदा नीट बसत नाही. पाइपाचे सगळे रबरी क्लँप परत लावा, नाहीतर पाइप बॉडीला टेकून थरथरतो आणि त्याचा आवाज केबिनमध्ये ऐकू येतो.

तेल भरण्याआधी जुने तेल बाहेर काढावे. रिटर्न पाइप टाकीपासून सोडवून बाटलीत घाला, टाकीचे ते तोंड बुचाने बंद करा, टाकीत नवे तेल ओतत राहा आणि मदतनीसाला पुढची चाके अधांतरी असताना, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. बाटलीत स्वच्छ तेल येऊ लागले की पाइप परत जोडा. नंतर हवा काढण्यासाठी हेच, इंजिन बंदच ठेवून, पंधरा-वीस वेळा सावकाश करा आणि पातळी उतरेल तसे तेल भरत जा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे येणे थांबल्यावरच बॅटरी जोडून इंजिन सुरू करा, सावकाश फिरवा आणि टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तेल फेसाळले तर इंजिन बंद करून अर्धा तास थांबा. घाईने फिरवत राहिल्यास फेस वाढतो. हवा गेली की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे: इंजिन चालू असतानाची पातळी पाहून ठेवा आणि बंद केल्यावर पुन्हा पाहा. तेल पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वर चढले तर हवा अजून आत आहे.

पहिल्या आठवड्यात दोन्ही जोड रोज कोरड्या फडक्याने पुसून पाहा, विशेषतः एक्झॉस्टच्या जवळचा, कारण तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेले हे तेल पेट घेऊ शकते. नवा पट्टा घातला असेल तर काही दिवसांनी त्याचा ताण पुन्हा तपासावा लागेल. काढलेले तेल गटारात न ओतता डब्यात भरून गॅरेजात द्या. ते जुन्या इंजिन ऑइलबरोबर उचलले जाते.