वाचकांचे प्रश्न: लंबक, चंद्र आणि सूर्याचा काटा

प्रश्न: अठराव्या शतकातलं उभं घड्याळ लंडनहून मुंबईला आणलं. तिथे अचूक चालणारं हे घड्याळ इथे रोज दोन मिनिटं मागे पडतं. उकाड्यामुळे का?

उत्तर: उकाड्याचा वाटा किरकोळ. एका अंशाला पोलादी दांडीचा लंबक दिवसाला अर्धा सेकंद मागे पडतो, पितळी दांडीचा ०.८ सेकंद. पंधरा अंशांनीही फार तर बारा सेकंद होतात. खरं कारण गुरुत्वाकर्षण. विषुववृत्ताकडे ते कमी होतं, म्हणून लंबक हळू डोलतो. १६७२ मध्ये फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्याँ रिशे पॅरिसहून दक्षिण अमेरिकेत विषुववृत्ताजवळच्या कायेनला गेला, तेव्हा त्याचंही घड्याळ रोज अडीच मिनिटं मागे पडू लागलं होतं. लंडन-मुंबईत हा फरक जवळजवळ दोन मिनिटांचा. त्यामुळे यंत्र उघडायची गरज नाही. सेकंदाचा लंबक (एका झोक्याला एक सेकंद घेणारा) ९९.४ सेंटिमीटरचा असतो, तो सुमारे २.७ मिलिमीटरने आखूड करायचा. एका मिलिमीटरला ४३ सेकंद पडतात, म्हणून शेवटी लंबकाच्या खालच्या नटाला पाव-पाव फेराच द्या आणि दर वेळी पूर्ण दिवस थांबा. लंबक थांबवून, दांडी घट्ट धरूनच हा नट फिरवा. नाहीतर लंबक जिला टांगलेला असतो ती वरची पातळ पोलादी पट्टी पिळवटते आणि लंबक वाकडा डोलतो.

प्रश्न: तबकडीवरचा चंद्र पंचांगाच्या एक दिवस पुढे आहे. चाक झिजलं असेल का?

उत्तर: नाही. चंद्राच्या चकतीला ११८ दाते आणि तिच्यावर दोन चंद्र. बारा तासांना एक दाता सरकतो, म्हणून महिना बरोबर २९.५ दिवसांचा होतो. खरा सरासरी चांद्रमास २९.५३ दिवसांचा. दर महिन्याला ४४ मिनिटं साठत पावणेतीन वर्षांच्या आतच एक दिवस होतो. कुणी चाक बदलायला सांगितलं तर ठाम नकार द्या, ते मूळचंच आहे. चकती मागे ढकलू नका. ५७ दाते पुढे नेऊन दुसरा चंद्र जागेवर आणा. ती अडली तर दाता गुंतलेला आहे. काटे तीन तास पुढे नेऊन पुन्हा पाहा, जोर लावलात तर दाता तुटेल.

प्रश्न: सूर्याचं चिन्ह असलेला जादा मिनिटकाटा कसा तपासायचा?

उत्तर: हा काटा सूर्याची खरी वेळ दाखवतो. वर्षात एक फेरा घेणारी काजूच्या आकाराची चकती त्याला हलवते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो नेहमीच्या मिनिटकाट्याच्या सोळा मिनिटं पुढे, फेब्रुवारीच्या मध्याला चौदा मिनिटं मागे असतो. २५ डिसेंबरच्या सुमारास दोन्ही मिनिटकाटे जुळले पाहिजेत. मुंबईत हा काटा सूर्यघडीशी ताडून बघताना काट्याच्या वेळेतून ३९ मिनिटं वजा करा, कारण भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला आहे.