स्टँडिंग फ्रेम आणण्याआधी वहिनींना एक फोन करा

पत्र: आम्ही मेलबर्नला असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी थोरले भाऊ, वहिनी आणि आई राहतात. पुतण्या ६ वर्षांचा आहे, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर नीट ताबा राहत नाही. इथे माझ्या सहकाऱ्याच्या मुलीला आठवड्यातून दोनदा थेरपी मिळते, खर्च सरकारी योजनेतून होतो. गावी काहीच होत नाही. मी व्यायामाचे व्हिडिओ पाठवतो, वहिनी बघतात की नाही कळत नाही. इथे एक वापरलेली पण उत्तम स्टँडिंग फ्रेम (मुलाला आधार देऊन उभं ठेवणारी चौकट) मिळते आहे, डिसेंबरात येताना आणावी म्हणतो. शिवाय एका दवाखान्याची स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचाराची जाहिरात पाहिली, पैशाची सोय होईल. काय करावं?

उत्तर: भाऊ, तुमचं पत्र वाचलं आणि मला एक लाल खुर्ची आठवली. पट्ट्यांची, चाकांची, मुलाच्या काकानं परदेशातून पाठवलेली. मी त्या घरी गेले तेव्हा ती छपरीत उभी होती आणि तिच्यावर रिकामी पोती वाळत घातली होती. चाकं उंबरठ्यावर अडायची, पावसाळ्यात अंगणातल्या काळ्या मातीत रुतायची. दोन वर्षांत पोरगं वाढलं, खुर्ची तेवढीच राहिली. टाकून द्यावी तर काकाला वाईट वाटेल. म्हणून दर दिवाळीला काका यायच्या दिवशी पोती खाली उतरायची, खुर्ची पुसली जायची आणि फोटोपुरता पोरगा तिच्यात बसायचा.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मराठीत आम्हाला व्यवसायोपचारतज्ज्ञ म्हणतात, पण तो शब्द पाटीवरच राहतो. दवाखान्यात सगळे ‘ओटी’ म्हणतात आणि गावात त्यावरून घोळ होतो. एका आजीला वाटलं, नातवाला ऑपरेशनच्या खोलीत नेतात की काय. दुसरीला वाटलं, ही बाई सुनेची ओटी भरायला आली. (दुसरीकडे चहा लवकर मिळाला.) आपल्याकडे या विषयाचं शिक्षण मुंबईत १९५० मध्ये सुरू केलं ते कमलाबाई निंबकरांनी. त्या जन्मानं अमेरिकन, लग्न करून इकडे आलेल्या, म्हणजे तुमच्या उलट दिशेनं. आज आपल्या विदर्भातही नागपूरच्या मेडिकलला, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, व्यवसायोपचाराचं शिक्षण आणि विभाग आहे. फिजिओथेरपिस्ट सांधे, स्नायू, चालणं यांकडे जास्त पाहतो. आम्ही विचारतो की हे लेकरू जेवतं कसं, कपडे कसे घालतं, संडासला कसं बसतं, खेळतं कशाशी. आणि हे सगळं करून घेणाऱ्या माणसाचा दिवस कसा जातो.

नवी असताना मला वाटायचं, प्रत्येक आई पहिलं चालण्याचंच विचारेल. घाटंजीकडच्या एका गावात एका आईला विचारलं, दिवसातलं सगळ्यात जड काम कोणतं? ती म्हणाली, “जेवू घालनं, मॅडम. एका जेवनाले घंटा-दीड घंटा लागते. तवरिक बाया वावरात पोचल्या राह्यते.” कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. उशिरा पोचलं की तेवढा कापूस कमी, तेवढे पैसे कमी. पोराच्या पायांबद्दल ती त्या दिवशी एक शब्द बोलली नाही.

मी म्हटलं, माझ्यासमोर भरवा. तिनं त्याला तान्ह्या बाळासारखं मांडीवर आडवं घेतलं. डोकं मागं लोंबकळत होतं आणि ती वाटीनं पातळ वरण तोंडात सोडत होती. तुम्ही आत्ता मान पूर्ण मागं टाकून पाण्याचा एक घोट गिळून बघा, म्हणजे त्या पोराचं काय होत होतं ते कळेल. अशा वेळी घास श्वासनलिकेकडे जायची भीती असते. ठसका लागतो, वरचेवर छाती भरते. ठसका सारखा लागत असेल, ताप येत असेल तर आधी डॉक्टर, थेरपी नंतर.

आम्ही काही विकत आणलं नाही. घराचा एक कोपरा धरला, दोन भिंतींचा आधार मिळतो म्हणून. बुडाखाली घडी केलेली गोधडी, गुडघ्यांखाली गुंडाळी, पोटावरून जुन्या लुगड्याची पट्टी, पुढ्यात विटांवर ठेवलेला पाट. आई समोर बसली आणि चमचा वरून नेण्याऐवजी समोरून, थोडा खालून नेऊ लागली. त्यामुळे हनुवटी आपोआप जराशी खाली येते. पातळ वरणाऐवजी मऊ खिचडी, वरणात चांगली कुस्करलेली पोळी, कारण पातळ पदार्थ तोंडात आवरत नाही. दुसऱ्या चमच्याच्या दांड्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, मुठीत धरता यावा म्हणून. पहिल्या आठवड्यात सगळं भिंतीवर गेलं. आजी रोज म्हणायची, “काहून लेकराले त्रास देता?” तीन आठवड्यांनी जेवण पाऊण तासावर आलं. शेवटचे चार घास पोरगा स्वतः घ्यायला लागला, त्यातला एक नाकाला.

हे तुमच्या पुतण्याला जसंच्या तसं लागू करू नका. त्याची मान, गिळणं, स्नायूंचा ताठरपणा वेगळा असेल. ते समोर बघूनच ठरवावं लागतं.

एक गोष्ट आपल्याकडच्या बायका आमच्याही आधीपासून बरोबर करत आल्या आहेत, ती म्हणजे कडेवर घेणं. ज्या मुलांचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात त्यांना पाय फाकवून कमरेवर घेतलं की ताठरपणा सैल पडायला मदत होते. लाकडाच्या ओंडक्यासारखं दोन्ही हातांवर आडवं उचललं की अंग आणखी ताठतं. हे सांगितलं की आज्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

आता तुमच्या व्हिडिओंकडे येते. वहिनी ते बघत नसतील, आणि नाही बघत तेच बरं. त्यात गुळगुळीत गादी असते, दोन मोकळी माणसं असतात, बारा व्यायाम असतात. वहिनींकडे स्वयंपाक आहे, पाणी भरणं आहे, सासूबाई आहेत, वावर आहे. तुमचा प्रत्येक व्हिडिओ त्यांच्या फोनमध्ये ‘हे पण राहिलं’ असं सांगत पडून असतो. आमच्यातले काही जणही हेच करतात, हातात व्यायामांचा छापील कागद देतात आणि पुढच्या वेळी आईला रागावतात. मीही केलं आहे.

स्टेम सेलच्या जाहिरातीला पैसे देऊ नका. २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे हा उपचार मान्यता मिळालेल्या संशोधन-चाचण्यांच्या बाहेर करता येत नाही. परदेशातला काका हे त्या जाहिरातीचं आवडतं गिऱ्हाईक.

स्टँडिंग फ्रेम वाईट वस्तू नाही. पण ती मुलाच्या मापाची आणि खुब्यांची तपासणी करून ठरवायची असते. सेरेब्रल पाल्सीत न चालणाऱ्या मुलांचे खुबे सरकण्याचा धोका असतो, त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. बसण्याची खुर्ची गावचा सुतार थेरपिस्टनं दिलेल्या मापानं करून देतो. पुठ्ठ्यांचे थर खळीनं चिकटवूनही पक्क्या खुर्च्या होतात. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या सरकारच्या एडिप योजनेतून कानपूरच्या अलिम्को कंपनीची साधनंही मिळतात.

मग तुम्ही काय करायचं? आधी वहिनींना फोन करा. भावाला नको, वहिनींनाच, आणि ‘अजून बसत नाही का’ हे वाक्य टाळा. विचारा, दिवसातलं कोणतं काम सगळ्यात जड जातं? उत्तर कदाचित आंघोळ असेल. सहा वर्षांचं ताठ अंग पायांवर घेऊन न्हाऊ घालताना कंबर जाते. जे उत्तर येईल तिथूनच थेरपीची सुरुवात.

फ्रेमचे पैसे वहिनींच्या वेळेवर खर्च करा. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर. एसटीत दिव्यांगाला ७५ टक्के सवलत आहे, पण आईची बुडालेली मजुरी कुणी भरून देत नाही. ती तुम्ही द्या. भावाला ‘औषधपाण्याला’ म्हणून पाठवलेली रक्कम बी-बियाण्यात विरघळते, त्यात त्याचाही दोष नाही. ज्या दिवशी वहिनी पुतण्याला घेऊन जातील त्या दिवसाची मजुरी म्हणून वेगळी पाठवा, वहिनींच्या खात्यात. काही महिन्यांतून एकदा थेरपिस्टकडे प्रत्यक्ष तपासणी आणि मधल्या काळात तिच्याशी व्हिडिओ कॉल, असं चालू शकतं. डिसेंबरात तुमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे गावचे दुपारचे चार, तुम्हीही कॉलवर बसू शकता. फक्त गप्प बसा.

थेरपिस्टची राज्याच्या व्यवसायोपचार परिषदेकडे नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. ती आईला दाराबाहेर बसवून मुलावर तासभर ‘काम’ करत असेल तर दुसरी शोधा. नागपूरच्या मेडिकलखेरीज जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्र (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणींवर उपचार करणारं सरकारी केंद्र) असतं, तिथे चौकशी करावी. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणारं बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तिकडे चिठ्ठी देतं.

कागदपत्रांचं काम मात्र मेलबर्नहून होण्यासारखं आहे. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखकार्डाचा आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. रात्री बसून तो तुम्ही भरा, भाऊ तपासणीला तेवढे जातील. ते प्रमाणपत्र हाती आलं की दिव्यांगांसाठीच्या सरकारी निरामय आरोग्य विम्याचा अर्ज करा, त्यात सेरेब्रल पाल्सी बसते, संरक्षण १ लाख रुपयांपर्यंत आहे आणि थेरपीचा खर्चही त्यात धरतात. पुतण्या ६ वर्षांचा आहे, म्हणजे शाळेचंही बघा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या कायद्यानं ६ ते १८ वयात जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा त्याचा हक्क आहे. मुख्याध्यापक ‘याला इथे कसं सांभाळायचं’ म्हणतील. तेव्हा भावानं थेरपिस्टला सोबत न्यावं, वर्गात बसायचं कसं ते ती दाखवेल.

डिसेंबरात याल तेव्हा वेचणी सुरूच असेल. गेल्या गेल्या वहिनींना म्हणा, भरवायचं कसं ते मला शिकवा. दोन दिवस शेजारी बसून बघा, तिसऱ्या दिवशी वाटी तुमच्या हातात घ्या आणि वहिनींना बायांबरोबर वेळेवर वावरात जाऊ द्या. येताना बॅगेत दोन-चार जुने शर्ट टाका. चांगल्या शर्टावरचे हळदीचे डाग निघत नाहीत.