रेसिंगमध्ये करिअर करायचंय? आधी कार्टमध्ये बस

भावा, त्र्यंबक रोडला रात्री शंभरच्या वर गाडी पळवली म्हणजे रेसर झालो असं काही नसतं, ते डोक्यातून काढ आधी. सुरुवात कार्टिंगपासूनच कर, म्हणजे त्या छोट्या, उघड्या रेसिंग गाड्या. कार्टला सस्पेन्शन नसतं, सीटबेल्ट पण नाही, उजव्या पायाने रेस अन् डाव्याने ब्रेक, पहिल्या दिवशी माझा डावा पाय क्लच दाबल्यासारखा गचकन जायचा आणि कार्ट गर्रकन फिरायची, वर दोन दिवस बरगड्या अशा ठणकत होत्या की हसता येईना. म्हणून बरगड्यांचं गार्ड पहिलं घे, भारी हेल्मेटचा रंग नंतर बघू.

खरी अडचण पैशाची. खरे ट्रॅक कोइंबतूर, चेन्नईजवळ, नाहीतर ग्रेटर नोएडाला, म्हणजे नाशिकहून प्रवासातच अर्धा खिसा रिकामा, मग टायर, एन्ट्री फी वेगळी. रेसर नारायण कार्तिकेयन २००५ ला एफ वनला (फॉर्म्युला वन) पोचला, तो कोइंबतूरचाच. रेसिंगचं लायसन्स एफएमएससीआयचं, म्हणजे भारतातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचं, लागतं. अन् हो, स्पॉन्सर शोधायला सातपूर-अंबडच्या कंपन्यांत फाईल घेऊन फिरावं लागेल, लाज सोड. कॉलेज मात्र सोडू नको रे.