दावत: बिर्याणीची की धर्माची?

विजापूर वेशीजवळच्या एका दुकानात मोबाईलवर उर्दू बयान, म्हणजे धर्मावरचं प्रवचन, चालू असतं, त्यात 'दीन की (धर्माची) दावत' सारखं कानावर पडतं. दावत म्हणजे बिर्याणीच ना, असं सोलापूरच्या एका वाचकानं विचारलंय.

दावत म्हणजे मुळात बोलावणं, हाक. बोलावणं बहुतेकदा जेवायलाच असतं, म्हणून शब्द सरळ पंगतीत जाऊन बसला. आपल्या 'आवतणा'चंही तेच झालं. 'आज त्यांच्याकडं आवतण हाय' म्हटल्यावर कशाचं, असं कुणी विचारतं का? धर्माच्या बोलण्यात मात्र जुना अर्थ टिकला. कुराणाच्या सोळाव्या सूरेतली (अध्यायातली) १२५वी आयत (वचन) सांगते, की ईश्वराच्या मार्गाकडे शहाणपणानं आणि चांगल्या उपदेशानं बोलवा. तिथलं क्रियापद याच धातूचं. असा बोलावणारा तो 'दाई'. बाळंतपणाच्या दाईशी त्याचं नातं नाही.

बयानाची भाषाही आवतणाचीच असते. सुरुवात 'मेरे अजीज दोस्तो, बुजुर्गो' अशी. चूक दाखवताना 'तुम' नाही, 'हम': 'हम नमाज से गाफिल हैं'. शेवटी 'अल्लाह मुझे और आपको अमल की तौफीक दे', म्हणजे हे आचरणात आणायची बुद्धी मला आणि तुम्हाला देवो. बोलणारा स्वतःच ऐकणाऱ्यांच्या रांगेत उभा राहतो, त्यामुळं बोल लागतो पण टोचत नाही. आयत अरबीत, अर्थ शुद्ध उर्दूत, आणि घरातला दाखला आला की आपल्याकडचा वक्ता दख्खनीवर, म्हणजे इकडच्या उर्दू बोलीवर, उतरतो: 'ऐसा नक्को करो'. (हा नक्को आपल्याच 'नको'चा भाऊ.) 'बोलो सुब्हानल्लाह' (अल्लाह पवित्र आहे) ऐकलं की मला तर कीर्तनातलं 'बोला पुंडलिक वरदे' आठवतं.

मोबाईलनं एक भर घातली: 'शेअर करो, सदका-ए-जारिया होगा'. सदका-ए-जारिया म्हणजे देणारा गेल्यावरही ज्याचं पुण्य चालू राहतं ते दान. पूर्वी त्यासाठी विहीर खणावी लागे, आता अंगठा पुरतो.

'मुंहतोड जवाब', 'खुला चॅलेंज' अशा शीर्षकांचे व्हिडिओ वेगळे. दावतीच्याच धातूतून 'दुआ' आली आणि आपण कोर्टात लावतो तो 'दावा'ही. हे व्हिडिओ मी दाव्यात धरतो.

आणि हो, अशा व्हिडिओंवर 'तकरीर' दिसलं, तर ते भाषण, तक्रार नव्हे. अरबीत 'तकरार' म्हणजे तेच ते पुन्हा म्हणणं. मराठीत येईतो त्याचं गाऱ्हाणं झालं.