वाचकांचे प्रश्न : साम्राज्याचा खर्च घरात कोणी सोसला?

प्रश्न : साम्राज्यवादाचा धडा शिकवताना कच्चा माल, बाजारपेठ आणि पिळवणूक या तीन मुद्द्यांत सगळे आटोपते. ‘राज्य करणाऱ्या देशाचे स्वतःचे काय होते?’ असे वर्गातल्या एका मुलीने विचारले. इंग्लंडचे उदाहरण सगळेच देतात. उद्योगांना उशिरा सुरुवात केलेल्या एखाद्या देशाच्या आधारे आपण सविस्तर उत्तर द्यावे, ही विनंती.
— एक शिक्षिका, खानापूर

उत्तर : या प्रश्नासाठी जपानसारखे दुसरे उदाहरण नाही, कारण कारखाने आणि वसाहती या दोन्ही गोष्टी तिथे जवळजवळ एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या. १८६८ च्या मेईजी सत्तांतरानंतर (शोगुन या लष्करी सरदाराची सत्ता जाऊन सम्राटाच्या नावाने आलेली राजवट) नव्या सरकारने १८७३ मध्ये शेतसारा रोखीने घेण्याचा निर्णय केला, सक्तीची लष्करभरतीही त्याच वर्षी सुरू झाली, आणि पुढच्या वीस वर्षांत रेशीम व सूत यांच्या बळावर कारखानदारीने चांगले मूळ धरले. तोवर तैवान किंवा कोरिया जपानच्या ताब्यात नव्हता. त्यामुळे वसाहतींच्या जोरावर जपान औद्योगिक झाला, हे सर्रास केले जाणारे विधान कालक्रमाशी जुळत नाही. वसाहतींनी बदलले ते उद्योगांचे वळण, खजिन्याची घडी आणि त्याहूनही अधिक म्हणजे सत्तेची सूत्रे कोणाच्या हाती राहणार, हे.

पहिला घास गोड लागला. चीनवरील विजयानंतर १८९५ च्या शिमोनोसेकी तहाने तैवान मिळालेच, शिवाय २० कोटी तैल (चांदी तोलण्याचे चिनी माप) चांदीची खंडणी मिळाली आणि याच तहात घेतलेला चीनचा लियाओतुंग द्वीपकल्प परत करण्याच्या बदल्यात आणखी ३ कोटी तैल पदरात पडले. येनमध्ये ही रक्कम सुमारे ३६ कोटी होते, म्हणजे त्या वेळच्या सरकारी अंदाजपत्रकाच्या चौपटीहून अधिक. तिच्या आधारावर १८९७ मध्ये जपानने सुवर्णमान, म्हणजे सोन्याशी बांधलेले चलन, स्वीकारला. क्यूशू बेटावरील यावाता येथील सरकारी पोलाद कारखाना १९०१ मध्ये सुरू झाला, त्यालाही या रकमेतला लहानसा वाटा लाभला. मात्र बहुतांश पैसा लष्कर आणि आरमार यांवरच खर्च झाला. युद्ध हा किफायतशीर व्यवहार आहे, ही समजूत टोकियोत रुजली ती याच सुमारास.

दहा वर्षांनी रशियाशी झालेल्या युद्धाने हिशेब उलटा केला. जपानने लंडन, न्यूयॉर्क आदी ठिकाणी सुमारे ८ कोटी २० लाख पौंडांचे कर्ज उभारले आणि ८० हजारांहून अधिक सैनिक गमावले. शेतसारा वाढला, १९०४ मध्ये तंबाखूच्या उत्पादनावर सरकारी मक्ता आला आणि १९०५ मध्ये मिठावरही आला. (आपल्या निपाणी भागातील तंबाखूवाल्यांना त्याचा अर्थ अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.) एवढे करून युद्ध संपवणाऱ्या पोर्ट्समथच्या तहात खंडणीचा एक छदामही मिळाला नाही. ५ सप्टेंबर १९०५ रोजी टोकियोतील हिबिया उद्यानात जमलेला जमाव खवळला, शहरातील पोलीस चौक्या जाळल्या गेल्या, १७ जण मृत्युमुखी पडले आणि लष्करी कायदा पुकारावा लागला. जमावाचा राग मात्र युद्धावर नव्हता, कमी मिळकतीवर होता. ज्याने कर भरला आणि मुलगा गमावला, तो आता साम्राज्याचा भागीदार झाला होता. त्याला आपला वाटा हवा होता.

यापुढची तांदळाची कथा आपल्या तालुक्यातील वाचकांना विशेष जवळची वाटेल. १९१८ च्या उन्हाळ्यात जपानमध्ये तांदळाचे दर कडाडले. सैबेरियात सैन्य पाठवण्याचे वारे वाहू लागताच व्यापाऱ्यांनी साठेबाजी केली. जुलैमध्ये तोयामा प्रांतातील कोळणींनी तांदूळ गावाबाहेर जाऊ देण्यास विरोध केला आणि तिथून दंगलीचे लोण देशभर पसरले. अनेक ठिकाणी सैन्य बोलवावे लागले आणि सप्टेंबरमध्ये पंतप्रधान तेराउची यांना पायउतार व्हावे लागले. हेच तेराउची पूर्वी, कोरिया जपानच्या ताब्यात आल्यावर, तिथले पहिले गव्हर्नर जनरल होते.

शहरातील पोट शांत ठेवण्यासाठी सरकारने १९२० पासून कोरियात भात वाढवण्याची योजना हाती घेतली. तैवानमध्येही जपानी चवीला रुचणारे वाण लावले गेले. कोरियन शेतकरी पिकवलेला तांदूळ विकून मांचुरियातली (ईशान्य चीनमधली) भरड धान्ये खाऊ लागला, हा त्यातला सर्वांत क्रूर भाग. पण खुद्द जपानी शेतकऱ्याचेही भले झाले नाही. बाहेरचा स्वस्त तांदूळ बेळगावच्या रविवार पेठेत उतरला की खानापूरच्या भाताचा दर कसा बसतो, तसेच तिथे घडले. मालक आणि कुळे यांचे तंटे वाढले. १९३० मध्ये अमेरिकेतील मंदीने रेशमाचा भाव कोसळला, तांदळाचाही कोसळला, आणि १९३१ व १९३४ मध्ये ईशान्य जपानात पीक बुडाले, तेव्हा तिथल्या कुटुंबांवर मुली विकण्याची पाळी आली. अखेर देशातील जमीनदारांच्या दबावामुळे १९३४ मध्ये कोरियातील योजना थांबवावी लागली. गिरणी कामगाराला स्वस्त भात देण्यासाठी आपल्याच शेतकऱ्याला बुडवायचे आणि मग त्याला वाचवण्यासाठी वसाहतीचा हात आखडायचा, अशा कात्रीत हे सरकार सापडले होते.

या संतापाचा फायदा उठवला तो लष्कराने. १९०० च्या नियमानुसार युद्धमंत्री आणि आरमारमंत्री हे सेवेत असलेले अधिकारीच असावे लागत. कोरियात दोन नव्या तुकड्या ठेवण्याची मागणी मंत्रिमंडळाने फेटाळली, तेव्हा १९१२ मध्ये युद्धमंत्र्याने राजीनामा दिला, लष्कराने दुसरा माणूस दिला नाही आणि मंत्रिमंडळ पडले. वसाहत राखण्याच्या निमित्ताने देशातले सरकार पाडता येते, हा धडा त्यांनी गिरवला. १९३१ मध्ये मांचुरियातील जपानी सेनाधिकाऱ्यांनी टोकियोला न विचारता तो प्रदेश बळकावण्याची कारवाई केली. पुढच्याच वर्षी पंतप्रधान इनुकाई यांची तरुण आरमारी अधिकाऱ्यांनी हत्या केली. त्यानंतर नागानोसारख्या रेशीम बुडालेल्या प्रांतांतून शेतकऱ्यांना मांचुरियात वसवण्याची मोहीम निघाली. १९३६ च्या आराखड्यात वीस वर्षांत दहा लाख कुटुंबे पाठवायची होती. प्रत्यक्षात सुमारे २ लाख ७० हजार माणसे गेली. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य चालून आले, तेव्हा जपानी सेना मागे हटली आणि ही माणसे उघड्यावर पडली. त्यांतील सुमारे ८० हजार परतली नाहीत.

प्रश्न : हे सर्व चालू असताना जपानमध्ये कोणी विरोध केला नाही काय?
— एक वाचक, शहापूर (बेळगाव)

उत्तर : केला, आणि तो केवळ नीतीच्या नव्हे तर जमाखर्चाच्या आधारे केला. अर्थविषयक पत्रकार इशिबाशी तान्झान यांनी १९२१ मध्ये कोरिया, तैवान, मांचुरिया सोडून द्यावेत असे स्पष्ट लिहिले. १९२० मध्ये या तीन प्रदेशांशी जपानचा एकूण व्यापार ९० कोटी येनच्या आसपास होता, तर एकट्या अमेरिकेशी १४० कोटींहून अधिक होता. भारताशी असलेला व्यापार ५८ कोटींवर होता, म्हणजे त्या तिन्हींपैकी कोणत्याही एका प्रदेशाशी असलेल्या व्यापाराहून मोठा. जिथे आपला झेंडा नाही तिथेच आपला धंदा अधिक चालतो, मग झेंड्यासाठी एवढा खर्च कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. तो तेव्हा कोणी मनावर घेतला नाही. वसाहती गेल्यानंतर, १९५६ च्या डिसेंबरात, हेच इशिबाशी पंतप्रधान झाले.

प्रश्न : भारताशी असलेला हा व्यापार कशाचा होता?
— एक वाचक, गोकाक

उत्तर : मुख्यत्वे कापसाचा. जपानी गिरण्यांना भारतातील आखूड धाग्याचा कापूस लागे आणि तो मुंबई बंदरातून जाई. जमशेटजी टाटा यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये जपानी कंपनीची मुंबई–जपान बोटसेवाही सुरू झाली होती. त्याच कापसाचे सूत चीनमध्ये विकून जपानने मुंबईच्या गिरण्यांची तिथली गिऱ्हाइके ओढली. १९३३ मध्ये भारत सरकारने ब्रिटिशेतर कापडावरील जकात ७५ टक्क्यांवर नेली, तेव्हा जपानी गिरणीवाल्यांनी भारतीय कापसावर बहिष्कार टाकला आणि पुढच्या वर्षी कापसाच्या खरेदीशी कापडाची आयात बांधणारा करार झाला.